वडिलांच्या स्पीकर सेटच्या धंद्यातल्या दोन-अडीच हजार रेकॉर्ड आहेत, किंमत कशी काढायची आणि कुणाला द्यायच्या?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे. माझ्या वडिलांचा विट्याला लाऊडस्पीकर आणि लायटिंगचा धंदा होता, साठच्या दशकात सुरू केला तो कॅसेटा येऊन पार रुळेपर्यंत चालला. लग्न, बारसं, गणपती, जत्रा, कुस्त्यांचं मैदान, खानापूर तालुक्यात जिथं कर्णा बांधायचा असेल तिथं बाबांच्या पेट्या जायच्या. धंदा बंद केल्यावर सगळ्या रेकॉर्ड सांगलीला गावभागातल्या घरात आणून ठेवल्या आणि तेव्हापासून तिथंच आहेत. बाबा आता नाहीत, आईला आम्ही आमच्याकडे विश्रामबागला आणलंय आणि ते घर दिवाळीपर्यंत रिकामं करायचं आहे.

अंदाजे दोन-अडीच हजार नग असतील, निम्म्याच्या आसपास त्या जड, पडली की फुटणाऱ्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या), बाकी छोट्या ई.पी. आणि मोठ्या एल.पी. प्रत्येकीच्या लेबलवर बाबांच्या दुकानाचा शिक्का आहे आणि लाल ऑइलपेंटनं नंबर टाकलेला आहे, कारण लग्नाच्या गडबडीत दुसऱ्या स्पीकरवाल्याच्या मालात मिसळू नयेत म्हणून. २०१९ च्या पुरात खालच्या फळीला पाणी लागलं होतं, तिथली कव्हरं एकमेकांना चिकटली आहेत.

पुण्याचा एक व्यापारी येऊन बघून गेला. तो म्हणतो आधी मी माझ्या पसंतीच्या दोनशे निवडतो, त्याचे १०० रुपये नग देतो, बाकीच्यांचं नंतर बघू. माझा भाचा म्हणतो नेटवर एकेक रेकॉर्ड ५०,००० ला लावलेली आहे, घाई करू नको. मला यातलं काही कळत नाही. बाबांनी मुंबईहून डोक्यावर खोकी वाहून आणलेला माल आहे, कचऱ्याच्या भावात जाऊ नये एवढंच वाटतं. कुणी माहीतगार असेल तर सांगा.

अजिंक्यतारा_७८ (सातारा)

ताई, पहिलं म्हणजे त्या व्यापाऱ्याला दोनशे निवडू देऊ नका. बाकी सगळं नंतर ऐकलंत तरी चालेल. अशा मोठ्या संग्रहात पैसा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, दोन हजारात शे-दोनशेच अशा असतात ज्यांना खरं गिऱ्हाईक आहे, आणि त्या नेमक्या कुठल्या हे त्याला माहिती आहे, तुम्हाला नाही. त्या गेल्या की मागं उरेल ते उचलायला तो परत येणार नाही आणि दुसरा कुणी आला तरी त्याला निवडायला काही शिल्लक नसेल. द्यायचं तर सगळं एकदम द्या, नाहीतर निवड आधी तुम्ही करा.

आता भाच्याचं म्हणणं. ओएलएक्सवर ५०,००० लावलेली दिसते ती मागितलेली किंमत, विकलेली नव्हे. कुणीही काहीही मागू शकतो. खरी किंमत बघायची तर डिस्कॉग्स नावाची साइट आहे, तिथं रेकॉर्डच्या लेबलवरचा नंबर टाकायचा, मग ती आधी कितीला विकली गेली, कमीत कमी, मधली आणि जास्तीत जास्त, असे आकडे दिसतात. नंबर म्हणजे एचएमव्हीच्या ७८ वर एन आणि पुढे आकडे, एल.पी. वर ई पासून सुरू होणारी चार अक्षरं आणि आकडे असं बऱ्याचदा असतं. शिवाय शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंतचा जो कोरा पट्टा असतो त्यात बारीक खरवडलेला नंबर दिसेल, तोही टिपून ठेवा, एकच रेकॉर्ड वेगवेगळ्या वेळी पुन्हा छापली असेल तर त्यावरून फरक कळतो. भारतीय ७८ मात्र डिस्कॉग्सवर सगळ्या सापडणार नाहीत, त्यांच्यासाठी जाणकार माणूसच लागतो.

पण ते आकडे बघून हरखून जाऊ नका, कारण ते बहुतेक चांगल्या अवस्थेतल्या मालाचे असतात आणि तुमचा माल धंद्याचा आहे. हे मनाला लागेल, तरी स्पष्ट सांगतो. स्पीकरवाल्यांच्या मशीनचा पिकअप, म्हणजे सुई बसवलेला दांडा, जड असायचा, सुई झिजली तरी लग्न थांबायचं नाही, एकच गाणं दिवसात दहा वेळा वाजायचं. अशा रेकॉर्डची खोबण, म्हणजे सुई फिरते ती बारीक चीर, करडी पडते. ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघा, काळीभोर चकाकली तर ठीक, धुरकट दिसली तर ती घासलेली आहे, वरून ओरखडा नसला तरी. आणि नखाला लागतो तो ओरखडा म्हणजे सुई तिथं उडी मारणार. बाहेरचे लोक मिंट (नवीकोरी), निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी (व्हेरी गुड), गुड अशी उतरती प्रत लावतात, त्यातलं गुड म्हणजे आपल्या भाषेत रडतखडत वाजणारी. निअर मिंटच्या भावात आणि गुडच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

शिक्का आणि ऑइलपेंट याच्यानं भाव उतरतो हे खरं, पण ते काढायला जाऊ नका. थिनर, रॉकेल काही लावू नका, लेबल गेलं तर रेकॉर्ड गेली असं समजा.

कुठल्या चालतात ते थोडक्यात सांगतो. सत्तरच्या दशकातल्या गाजलेल्या हिंदी सिनेमांच्या एल.पी. घराघरात होत्या, त्यामुळे आजही ढिगानं मिळतात. याउलट ८५-८६ नंतरच्या, नव्वदीच्या सुरुवातीपर्यंतच्या एल.पी. बघा, तोपर्यंत बाजार कॅसेटनं खाल्ला होता, रेकॉर्ड मोजक्याच छापायचे, म्हणून सिनेमा पडेल असला तरी आज त्याच महाग जातात. लोकांना वाटतं जितकं जुनं तितकं महाग, रेकॉर्डमध्ये तसं नाही. आर.डी. बर्मनच्या चांगल्या अवस्थेतल्या एल.पी. ना परदेशातही मागणी आहे, डीजे लोक घेतात.

७८ मध्ये एचएमव्हीच्या कुत्राछाप तर असणारच, पण ओडियन, यंग इंडिया, मेगाफोन, हिंदुस्थान, ब्रॉडकास्ट, ट्विन अशी लेबलं वेगळी काढा. एका बाजूलाच गाणं असलेली, किंवा लेबलवर हॅनोव्हर लिहिलेली मिळाली तर कापडात गुंडाळून ठेवा. कलकत्त्याला कारखाना निघाला १९०८ मध्ये, त्याच्या आधी आपल्या रेकॉर्ड जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या. धंद्याच्या मालात निघणं अवघड आहे, पण कुणीतरी जुनी पेटी विकताना सोबत दिलेल्या असतात.

बेदाणा (तासगाव)

वरच्या भाऊंचं सगळं बरोबर असेल, पण ताईंना दिवाळीपर्यंत घर खाली करायचंय हो. अडीच हजार रेकॉर्ड ट्यूबखाली धरून बघायच्या, नंबर टाकायचा, फोटो काढायचा, प्रत्येकाला उत्तरं द्यायची, मग तो म्हणणार शंभर कमी करा. नोकरीवाल्या माणसाला जमतं का हे? आमच्या मामाच्या असल्याच होत्या, एकेक विकायला बसले, चांगल्या तेवढ्या गेल्या आणि बाकीच्या अजून पोटमाळ्यावर आहेत. माझं मत, दोन-तीन व्यापाऱ्यांना बोलवा, सगळ्यांना सांगा की निवड नाही, सगळं उचलायचं, आणि जो जास्त देईल त्याला द्या. आईकडे लक्ष द्यायचं का रेकॉर्डकडे?

जुनाबाजार_बुधवार (पुणे)

मी या धंद्यात आहे, तेव्हा समोरच्या बाजूनं सांगतो. दुकानात किंवा ऑनलाइन जी रेकॉर्ड ५०० ला विकेन असं मला वाटतं तिला मी साधारण दीडशे ते अडीचशे देतो. लोकांना हे लुटणं वाटतं, पण धुणं, ऐकून बघणं, नवीन कव्हर, जागा, आणि न खपणारा माल हे सगळं त्याच्यातच बसवावं लागतं. शंभरातल्या दहा आठवड्यात जातात, तीस वर्षभरात जातात आणि बाकीच्या माझ्याकडे म्हाताऱ्या होतात. म्हणून निवडून घेताना जास्त भाव परवडतो, सरसकट घेताना कमी. निवडीला १०० हा भाव मला तरी फार कमी वाटतो, निवडीचा म्हणजे मलईचाच माल असतो.

बेदाणा म्हणतात त्याच्यात तथ्य आहे. पण ताई, मधला रस्ता आहे. एक-दोन रविवार घरातली चार माणसं बसवा आणि फक्त ढीग पाडा. फुटलेल्या, तडकलेल्या, बुरशी खोल गेलेल्या एकीकडे. नेहमीच्या हिंदी सिनेमाच्या एकीकडे. शास्त्रीय, नाट्यसंगीत, मराठी, लोकगीतं, अनोळखी लेबलं, इंग्रजी काही असेल तर ते, हे सगळं तिसरीकडे. फक्त या तिसऱ्या ढिगाचे मोबाइलवर फोटो काढा, लेबलच्या दोन्ही बाजू आणि कव्हर. ही यादी हातात असली की कुठलाही व्यापारी तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलतो. मग पहिला-दुसरा ढीग सरसकट देऊन टाका, त्याच्यात जीव गुंतवू नका, आणि तिसऱ्याचं सावकाश करा, तो एका कपाटात मावेल.

आणि एक, जागेचा विचार करून खोकी मोठी घेऊ नका. ७८ ची एक रेकॉर्ड पाव किलोच्या आसपास भरते, शंभर घातल्या की खोकं माणसाला उचलत नाही आणि तळ फाटतो. वाइन शॉपची खोकी बेस्ट.

मिरज_जंक्शन (मिरज)

पुराच्या पाण्यातल्या रेकॉर्डबद्दल लिहितो, कारण आमच्याकडेही त्या वर्षी असा माल आला होता. चिकटलेली कव्हरं ओढून सोडवू नका. रेकॉर्ड कव्हरसकट उन्हात तर अजिबात टाकू नका, एल.पी. वाकडी होते ती परत सरळ होत नाही. सावलीत, पंख्याखाली, उभी ठेवून वाळू द्या. कव्हर गेलंच असेल तर जाऊ द्या पण आधी फोटो काढून ठेवा आणि कव्हरवर लिहिलेला नंबर टिपून ठेवा. बुरशी झटकताना तोंडाला मास्क बांधा, आईला त्या खोलीत येऊ देऊ नका.

धुताना डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खोबणीच्या दिशेनं गोल, लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा. आपल्या बोअरच्या पाण्यानं धुऊ नका, क्षार खोबणीत बसतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ७८ च्या रेकॉर्डला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलीन असलं काही लावायचं नाही. त्या लाखेच्या आहेत, अल्कोहोलनं लाख विरघळते, पृष्ठभाग कायमचा जातो. एल.पी.-ई.पी. प्लॅस्टिकच्या आहेत, त्यांना थोडं चालतं. पण सगळ्या धुवत बसू नका, तिसऱ्या ढिगातल्या धुवा.

वाजवून बघणार असाल तर ७८ ला जाड टोकाची वेगळी सुई लागते. एल.पी. ची बारीक सुई त्या रुंद खोबणीत तळाशी जाऊन बसते, नुसती खरखर येते आणि माणूस म्हणतो रेकॉर्ड खराब आहे. तशा कितीतरी चांगल्या रेकॉर्ड लोकांनी टाकून दिल्यात.

कृष्णाकाठची (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी भाचा, वहिनी आणि मी बसलो, अर्ध्याहून जास्त झालं. त्या व्यापाऱ्याला निवड मिळणार नाही म्हणून फोन करून सांगितलं, तो म्हणाला मग विचार करतो.

तिसऱ्या ढिगात काय काय निघालं ते सांगते. बालगंधर्वांच्या ७८ बऱ्याच आहेत, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या काही, हिराबाई बडोदेकरांच्या आहेत, या बाबांनी एका जुन्या वाड्यातून घेतल्या होत्या असं आई म्हणते. पोवाडे, लावण्या, गोंधळ, तमाशातली बतावणी, देवाची गाणी अशा ई.पी. चा मोठा गठ्ठा आहे, त्यातली कितीतरी नावं मी कधी ऐकलेलीच नाहीत. आणि इंग्रजी लेबलच्या ७८ आहेत थोड्या, एक-दोन पार्लोफोन लिहिलेल्या. बालगंधर्वांच्या तर लाखात जात असतील ना? आपल्या नागठाण्याचे ते, इतकं मोठं नाव.

अजिंक्यतारा_७८ (सातारा)

ताई, फार छान काम केलंत.

बालगंधर्वांबद्दल आधी सांगतो म्हणजे आशा उगाच वाढायला नको. नाव मोठं म्हणूनच त्यांच्या रेकॉर्ड अमाप खपल्या, आपल्या भागात तर ज्याच्या घरी चाव्या द्यायचा ग्रामोफोन होता त्याच्या घरी गंधर्व होतेच. त्यामुळे प्रेम खूप आहे पण टंचाई नाही. त्यातल्या सुरुवातीच्या काळातल्या आणि चांगल्या वाजणाऱ्या असतील त्यांनाच भाव मिळेल. खाँसाहेबांचंही तसंच, १९३७ ला ते गेले, त्यांच्या रेकॉर्ड नंतरही निघत राहिल्या, एल.पी. वरही आल्या. त्यामुळे तुमच्याकडची मूळ ओडियनची आहे का नंतरची कोलंबियाची हे लेबलवरून बघावं लागेल. हिराबाई मिरजेच्या, खाँसाहेबांची लेक, हे तुम्हाला माहिती असेलच. शास्त्रीय संगीत जमवणारे लोक कमी आहेत पण ते जाणकार आहेत, योग्य माणसापर्यंत फोटो पोचले तर फसवणूक होत नाही. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था आहे, डॉ. सुरेश चांदवणकर तिच्याशी सुरुवातीपासून जोडलेले. शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या ७८ ची यादी आधी तिथं दाखवा असं मी म्हणेन.

पार्लोफोनच्या त्या एक-दोन रेकॉर्ड जपून ठेवा आणि आजच लेबलचे फोटो इथं टाका. बाहेरच्या देशांत ७८ पन्नाशीच्या शेवटी-साठीच्या सुरुवातीला बंद पडल्या, आपल्याकडे मात्र खेड्यापाड्यात चाव्यांची मशीनं होती म्हणून साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत छापत होते. त्यामुळे बीटल्सची गाणी ७८ वर भारतात निघाली आणि जगभरचे संग्राहक ती शोधत असतात. तुमच्याकडं तीच असतील असं नाही, पार्लोफोनवर इतरही खूप काही यायचं. पण असली तर सगळ्या एल.पी. च्या ढिगापेक्षा तेवढीच जास्त पैसे देऊन जाईल.

आणि आता मला जे खरं सांगायचंय ते. तो पोवाडे-लावण्या-बतावणीचा गठ्ठा सगळ्यात शेवटी विका, आणि विकायच्या आधी त्याची नीट यादी आणि रेकॉर्डिंग करून घ्या. व्यापारी त्याला वीस-पंचवीसचा भाव सांगेल, कारण त्याच्याकडे त्याचं गिऱ्हाईक नाही. हिंदी सिनेमाची गाजलेली गाणी कंपन्यांनी पुन्हा काढलीत, ती रेकॉर्ड फुटली तरी गाणं जात नाही. पण जत्रेत वाजणाऱ्या या ई.पी. कमी निघाल्या, कुणी जपल्या नाहीत, कॅसेटवरही सगळ्या आल्या नाहीत. तुमच्या वडिलांनी आपल्या भागातल्या लोकांना काय आवडतं हे बघून तो माल घेतला होता, त्यामुळे कोणत्या जत्रेत काय वाजायचं याचीच ती नोंद आहे. त्या गठ्ठ्याला शिक्क्यानं कमीपणा येत नाही, उलट तो शिक्का आणि लाल नंबर असल्यामुळे तो कुठून आला ते कळतं. बाबांची नंबरांची वही असेल तर शोधा. स्पीकरवाले वही ठेवायचेच, नंबर सांगितला की पोरगं रेकॉर्ड काढून द्यायचं.

मिरज_जंक्शन (मिरज)

वरच्या मताशी पूर्ण सहमत. डिजिटाइज करायला मशीन आणि ७८ ची सुई माझ्याकडे आहे, सांगली-मिरज काय लांब नाही, गठ्ठा घेऊन या, पैसे लागणार नाहीत. फक्त नेटवर टाकताना जपून. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो आणि गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं, तो वेगळा मोजायचा. घरात जपायला आणि अभ्यासकाला ऐकवायला काही अडचण नाही, सरसकट यूट्यूबवर चढवायच्या आधी वर्ष बघा.

कृष्णाकाठची (सांगली)

वही सापडली! आईच्या ट्रंकेत होती, मला माहितीच नव्हतं. नंबर, गाणं, कुठून घेतली आणि किती पैसे दिले असं सगळं बाबांच्या अक्षरात आहे. हा गठ्ठा विकायचा नाही असं आम्ही घरात ठरवलं. मिरजकर दादा, शनिवारी येते.

पार्लोफोनचे फोटो वर टाकलेत. आणि बाकीच्या ढिगासाठी दुसरा एक व्यापारी तयार झालाय, सगळं उचलतो म्हणतो, पण चेक देतो म्हणाला. आणि तिसऱ्या ढिगातल्या चांगल्या एल.पी. पैकी काही बंगळुरूच्या एकाला कुरिअरनं पाठवायच्या आहेत, त्या कशा बांधायच्या?

जुनाबाजार_बुधवार (पुणे)

चेक नको. टेम्पोत माल चढवायच्या आधी यूपीआय किंवा खात्यावर ट्रान्स्फर, पैसे आल्याचा मेसेज बघितल्यावरच कुलूप उघडायचं. मोजणीही दोघांसमोर करा, आणि ढीग एक-दोनमध्ये काय दिलं आणि काय दिलं नाही ते एका कागदावर लिहून त्याची सही घ्या, नंतर तो म्हणू शकतो की गंधर्व पण ठरले होते.

कुरिअरसाठी एल.पी. कव्हरच्या बाहेर काढा, आतल्या कागदी पिशवीसकट कव्हरच्या मागं ठेवा आणि दोन्ही मिळून प्लॅस्टिकमध्ये घाला. आतच ठेवली तर वाटेत आपटून कव्हरची शिवण फाडते आणि गिऱ्हाईक निम्मे पैसे परत मागतं. दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा, रेकॉर्डपेक्षा बोटभर मोठा, म्हणजे कोपरा आपटला तरी रेकॉर्डला लागत नाही. एका खोक्यात पाच-सहाच घाला, आत हलता कामा नये. पाठवायच्या आधी त्या रेकॉर्डचा ट्यूबखाली व्हिडिओ काढून त्याला व्हॉट्सॲप करा, अवस्थेवरून नंतर वाद होत नाही. ७८ मात्र कुरिअरनं पाठवू नका, घेणाऱ्यालाच सांगलीला बोलवा.

अजिंक्यतारा_७८ (सातारा)

फोटो बघितले. पार्लोफोनची पहिली आहे ती बीटल्स नाही, इंग्रजी डान्स बँडची आहे, तिला फार भाव नाही. दुसरीचा फोटो हललाय, नंबर दिसत नाही. डी पासून सुरू होतो का तेवढं बघा आणि दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता परत काढून टाका.